शून्य टक्क्यांचा सोफा

रेडिंग, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,


कुकर लावलाय, मुलं पोहायला गेलीत, तेवढ्यात लिहितेय. काल फोनवर बाबांनी "कर्ज? सोफ्यासाठी?" असं ज्या आवाजात विचारलं, तो आवाज मी नंदूकाकानं शेअरमध्ये पैसे घातले तेव्हाच ऐकला होता. बाबा, बी.पी.ची गोळी घेतली असेल तरच पुढे वाचा.

सोफा १,२०० पौंडांचा. (गुणाकार करू नका. केलात ना?) बारा हप्ते, महिना शंभर, व्याज शून्य. दुकानदाराला वेड लागलेलं नाही. फायनान्स कंपनी त्याला पैसे देताना आपला वाटा कापून घेते आणि तो वाटा आधीच किमतीत बसवलेला असतो. मी म्हटलं, रोख देते, काही कमी करा. विक्रेता बघतच राहिला, जणू मी थेट तुळशीबागेतून आलेय! किंमत तीच. म्हणजे रोख देणाऱ्यानंही दुसऱ्याच्या हप्त्याचा भार उचलायचा. मग हप्तेच घेतले. तारीख मात्र चुकवायची नाही. दुसरी एक योजना होती, 'वर्षभर काहीच देऊ नका'. त्यात वर्षाच्या आत फेडलं नाही, तर उरलेल्या रकमेवर पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं. तिला लांबूनच नमस्कार केला.

खरा वैताग कर्ज मिळवण्याचा. इथे प्रत्येकाचा क्रेडिट स्कोअर, आणि पुण्यातली आमची पत विमानातच विरघळलेली. ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही, त्याला कर्ज द्यायला इथल्या कंपन्या घाबरतात! बाबा, जन्मात कुणाचे पाच पैसे न ठेवणारे तुम्ही इथे संशयित, आणि तीन-तीन हप्ते भरणारा नंदूकाका सन्माननीय ग्राहक. मतदार यादीत नाव असलं की पत सुधारते म्हणाले. राष्ट्रकुलातले म्हणून आपल्याला भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं, त्यामुळे नाव घातलं. सोफ्यापायी आता खासदार निवडणं आलं.

एक बरं आहे. करार १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याखाली येत असेल, तर दुकान उद्या बुडालं आणि सोफ्याचा पाय मोडला, तरी फायनान्स कंपनीही तितकीच जबाबदार.

जोशीकाकांना सांगा, त्यांचा 'नो कॉस्ट' हप्त्यांचा फ्रिज फुकट नाही. व्याजाएवढी सूट दाखवतात, पण हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतोच, वर बहुतेकदा प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. काकू रागावतील, तर माझं नाव सांगू नका.

खरं सांगू? बिनव्याजी उधारी मी एकच पाहिली, आपल्या कोपऱ्यावरच्या शेठची. लाल वहीत नाव, एक तारखेला हिशोब. आजोबा दवाखान्यात होते त्या महिन्यात शेठनी वही उघडलीच नाही, उलट साखर घरी पाठवली. इथे माझं सगळं खातं संगणकाला पाठ आहे, पण मला बरं नसलं तर विचारायला कुणी नाही. सोफाही तिघांचाच. आपल्या दिवाणावर सात जण मावायचे, वर आजीची पिशवी. शिट्टी झाली, थांबा.

हं. आई, भाजणी पोचली, डब्याच्या तळाशी आलीसुद्धा. मंदामावशीच्या सोसायटीतली लिफ्ट अजून बंद? मग गौरीच्या केळवणाला तिसऱ्या मजल्यावर कोण चढणार? साडीचे पैसे मी पाठवते. आणि हे वाचून नंदूकाका 'बिनव्याजी' मागायला आलाच, तर बाबा, द्या हवे तर, पण तारीख आणि सही आधी घ्या.

तुमची,
स्मिता