तक्तेकाका

तक्तेकाकांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण कुरियरवाल्याखेरीज ते कोणी वापरत नाही. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीनं त्यांचं हे बारसं केलं ते त्यांच्या टीपॉयच्या काचेखालच्या तक्त्यावरून. काका सरकारी लेखापरीक्षक होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या हिशेबांवर हरकती काढल्यावर २०१६ च्या जानेवारीत ते निवृत्त झाले आणि निरोपसमारंभात म्हणाले, "आता घरी बसून निवांत सिनेमे बघणार." त्याच महिन्यात नेटफ्लिक्स भारतात आलं. हा निव्वळ योगायोग होता, पण काकांनी तो अंगावर घेतला. सिनेमे बघायचे हे नक्की होतं. कुठून घेतले म्हणजे स्वस्त आणि रास्त पडतील, एवढंच ठरवायचं राहिलं होतं. त्याला आता दहा वर्षं होत आली.

तक्ता म्हणजे चार फुलस्केप आडवे चिकटवून केलेला दस्तऐवज. डावीकडे कंपन्या. वर रकाने: दरमहा, दरसाल, पडदे किती, जाहिराती, मराठी सिनेमे, भाडे, खरेदी, मुदत आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद. मजकूर पेन्सिलीनं, कारण दर स्थिर राहत नाहीत. नेटफ्लिक्सच्या ओळीत खोडून खोडून कागद जाळीदार झालाय. सुरुवातीला तिथे ५००, ६५० आणि ८०० होते. २०१९ मध्ये फोनपुरता १९९ चा प्लॅन आला, २०२१ च्या डिसेंबरात तोच १४९ वर उतरला. अ‍ॅमेझॉन प्राइमची ओळ उलट वाटेनं गेलेली: २०१६ मध्ये वर्षाला ४९९, २०२१ च्या अखेरीस १,४९९. "एक उतरतोय, एक चढतोय," काका म्हणतात, "आणि मी मधल्या जिन्यात उभा." हॉटस्टारची तर नावंच बदलत गेली. २०१५ मध्ये नुसतं हॉटस्टार, २०२० मध्ये पुढे डिस्ने लागलं, २०२५ मध्ये डिस्ने जाऊन जिओ आलं. तिथला शेरा मी स्वतः वाचलाय: 'नावात बदल. राजपत्राची प्रत जोडलेली नाही.'

या माणसाला चिक्कू म्हणून मोकळं होणं सोपं आहे. ते खरं नाही. पाहुण्यांना ते दोनदा चहा विचारतात आणि दोन्ही वेळा देतात. त्यांचं दुखणं वेगळं आहे, आणि ते फार जुनं आहे.

व्हीसीआर भाड्यानं आणायच्या दिवसांत काका गिरगावच्या चाळीत राहायचे. रात्रभरासाठी व्हीसीआर, सोबत तीन कॅसेटी आणि कोणाची तरी घड्याळासकट ठेवलेली अनामत. वर्गणी गोळा करायचं काम अर्थातच काकांकडे. पहिला सिनेमा पौराणिक, म्हणजे आज्यांचा. दुसरा अमिताभचा, म्हणजे चाळीचा. तिसरा येईपर्यंत पोरं एकमेकांच्या अंगावर आडवी झालेली, बायका उठून गेलेल्या, पुरुषांची डोकी भिंतीला टेकलेली. चित्रात पावसाच्या रेघा यायला लागल्या की काका कोरी नोट घेऊन व्हीसीआरचं हेड पुसायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. पहाटे चारला अख्ख्या चाळीत ते एकटे जागे. तिसरा सिनेमा कुठला होता हे त्यांना कधीच सांगता आलं नाही. एवढंच सांगायचे, की भाडं सकाळी आठपर्यंतचं होतं आणि सिनेमा पावणेसातला संपला. उरलेल्या सव्वा तासात त्यांनी पहिला पौराणिक सिनेमा अर्धा पुन्हा बघितला. कॅसेटी रिवाइंड करून, पुसून, वेळेच्या दहा मिनिटं आधी परत. भाड्याच्या वस्तूशी माणसानं कसं वागावं, याची काकांची घटना त्या रात्री लिहिली गेली आणि तिच्यात अजून एकही दुरुस्ती झालेली नाही.

पुढे २००५ नंतर डीव्हीडी घरपोच यायला लागल्या. सेव्हन्टीएमएम, मग रिलायन्सची बिगफ्लिक्स. संगणकावर यादी करायची, एक चकती परत केली की पुढची येते, उशीर झाला तरी दंड नाही. काकांना हे अजिबात मानवलं नाही. दंडच नसेल तर माणूस वेळेवर परत का करेल? दंडाबद्दल त्यांना जिव्हाळा आहे. नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज यांना 'अपोलो १३' ची कॅसेट उशिरा परत केल्याबद्दल ४० डॉलर भरावे लागले आणि त्यातून कंपनीची कल्पना सुचली, ही गोष्ट ते घोळवून घोळवून सांगतात. मग आवाज खाली आणून पुरवणी जोडतात, की सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ यांच्या मते ही निव्वळ सोयीची गोष्ट आहे. "म्हणजे व्हाउचर नाही!" काकांचे डोळे चमकतात. त्याच कंपनीनं टपालानं डीव्हीडी पाठवणं २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केलं, त्या दिवशी काकांनी तक्त्यातली डीव्हीडीची ओळ लाल पेनानं आडवी मारली आणि खाली तारीख घालून सही केली. काकूंना वाटलं, कोणीतरी गेलं.

महिन्याच्या वर्गणीला काका 'मेस' म्हणतात. महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि ताटात येईल ते गिळायचं. "आणि मेसवाला तरी खाडे धरायचा," ते म्हणतात. "गावी गेलो चार दिवस, तर चार दिवस वजा. इथे मी महाबळेश्वरला होतो त्याचे खाडे कोण देणार?" हा प्रश्न त्यांनी एका कंपनीला ईमेलनं विचारला होता. उत्तर आलं, पण त्यात महाबळेश्वर नव्हतं.

म्हणून त्यांचा जीव एकेक सिनेमा भाड्यानं घेण्यावर, म्हणजे राइस प्लेटवर. यूट्यूबवर मिळतो, अ‍ॅपलवर मिळतो, २०२२ च्या एप्रिलपासून प्राइमवरही वर्गणी न भरता मिळायला लागला, तेव्हाचे दर ६९ पासून ४९९ पर्यंत. इथे काकांनी स्वतःचं मोजमाप शोधून काढलंय: दर मिनिटाचा दर. शंभर रुपयांत 'लगान' घेतला तर तो ३ तास ४४ मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला ४५ पैसे. या हिशेबानं आशुतोष गोवारीकर हे त्यांना देशातले सर्वांत किफायतशीर दिग्दर्शक वाटतात. दीड तासात आटोपणाऱ्या इराणी सिनेमांना जगभर बक्षिसं मिळतात, पण काकांच्या तक्त्यात ते 'महाग' आहेत. २०२१ च्या ईदला सलमान खानचा 'राधे' झीप्लेक्सवर २४९ रुपयांना लागला, तेव्हा टाळेबंदीत जिन्यातून त्यांनी प्रत्येक दाराशी डोई किती हा आकडा ओरडून सांगितला होता. एका खोलीत सोळा जण बसले तर साडेपंधरा रुपये. सोळा जण बसवायला तेव्हा बंदी होती, त्यामुळे योजना फसली. 'राधे' बघितलेल्यांच्या मते, बरं झालं.

मराठी सिनेमांचा रकाना दुःखद आहे. जब्बार पटेलांचा १९७५ चा 'सामना' शोधायला काका रिमोटमध्ये खणखणीत आवाजात 'सामना' म्हणाले. क्रिकेट लागलं. 'सिंहासन' त्यांनी रोमन लिपीत पाच प्रकारे लिहून बघितला. हे लिहिताना मला हसू येतंय खरं, पण ज्या यंत्राला आपला उकार-अनुस्वार कळत नाही त्याच्यासमोर सत्तरीचा माणूस शुद्धलेखन सुधारत बसलेला बघवत नाही.

भाडे आणि खरेदी यांतल्या फरकावर ते पाऊण तास बोलू शकतात. मी वेळ लावून बघितलीय. शंभर रुपये भाडं आणि पाचशेला 'खरेदी'. "खरेदी म्हणजे काय? मला विकता येतो? नातवाच्या नावावर करता येतो? उद्या कंपनीनं हक्क गमावले तर माझ्या कपाटातून सिनेमा उचलून नेणार! ही खरेदी नव्हे, पागडी आहे." मी मान डोलावली, कारण मुद्दा बिनतोड होता. कॅलिफोर्निया राज्यानं तर कायदाच केलाय, की ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर 'खरेदी करा' असं नुसतं लिहिता येणार नाही, तसं स्पष्ट सांगावं लागेल. २०२५ पासून तो लागू झाला. काकांनी त्या बातमीची छापील प्रत सोसायटीच्या फलकावर पाणीकपातीच्या सूचनेशेजारी लावली होती.

नियम-अटी शेवटपर्यंत वाचणारा आमच्या इमारतीतला हा एकमेव माणूस आहे. आम्ही बाकीचे 'मान्य' दाबून पुढे जातो. मी चार ठिकाणी वर्गणी भरतो आणि रात्री चाळीस मिनिटं पोस्टरं सरकवून झोपतो. काकांना हसायचा अधिकार मला नाही, हे मला माहीत आहे.

आता एका घटनेकडे येतो. ती सांगायला मला थोडं अवघड जातंय.

दोन वर्षांपूर्वी तक्ता पूर्ण झाल्यासारखा वाटला आणि काकांनी एक सिनेमा प्रत्यक्ष भाड्यानं घेतला. स्पॅनिश खूनपट. डोंगरावरचं घर, बाहेर बर्फ, आत म्हातारा मेलेला. संशयित चार: डॉक्टर, पुतण्या, स्वयंपाकीण आणि माळी. १०४ मिनिटं, १२० रुपये. अट नेहमीची: घेतल्यापासून तीस दिवसांत सुरू करायचा आणि एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा. अठ्ठेचाळीस तास म्हणजे काकांच्या दृष्टीनं ऐसपैस. तीनदा बघून होईल असा त्यांचा अंदाज होता.

शनिवारी रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं. सव्वानऊला बंगळुरूहून मुलीचा फोन आला. रविवारी सकाळी टाकी साफ करण्यावरून सोसायटीची सभा. दुपारी बदलापूरचे मेव्हणे सहकुटुंब जेवायला आले, आणि रविवार असल्यानं मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. मेव्हणे रात्री दहापर्यंत हलले नाहीत. त्यांना सिनेमा दाखवायला काकांची ना नव्हती, पण मेव्हण्यांना खालची अक्षरं वाचायचा कंटाळा. सोमवारी संध्याकाळी काका पुन्हा बसले. ८ वाजून २७ मिनिटांनी अकरा मिनिटं उरली होती. इन्स्पेक्टरनं चौघांना दिवाणखान्यात बोलावलं होतं. तेवढ्यात आमची लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. तिची किल्ली काकांकडे असते. काकांनी सिनेमा थांबवला, चप्पल घातली, खाली आले, आत अडकलेल्या माणसाला बाहेर काढलं, त्याला पाणी दिलं. परत टीव्हीसमोर बसले तेव्हा ८ वाजून ४३ मिनिटं झाली होती. पडद्यावर आलं: भाड्याची मुदत संपली, पुन्हा भाड्यानं घ्या, १२० रुपये.

लिफ्टमध्ये मी होतो.

काकू म्हणाल्या, "अहो, भरा ना एकशेवीस. परवा भाजीत तेवढे सुटले." काकांनी ऐकलं नाही. अकरा मिनिटांचे, मिनिटाच्या दरानं, १२ रुपये ६९ पैसे द्यायला ते तयार होते. तसं त्यांनी कंपनीला कळवलं. वेळेचा तपशील, लिफ्टच्या बिघाडाचा दाखला आणि साक्षीदार म्हणून माझं नाव. उत्तर चार सेकंदांत आलं. त्यात त्यांचे आभार मानले होते आणि ही सेवा कशी वाटली ते पाचपैकी ताऱ्यांत सांगा, असं विचारलं होतं. काकांनी दोन तारे दिले आणि तिसरा का दिला नाही, याची कारणं जोडली.

तक्त्यात त्या ओळीपुढे शेरा आहे: 'अकरा मिनिटे येणे बाकी.'

महिन्याभरात तोच सिनेमा काकूंच्या मोबाइलच्या रिचार्जबरोबर मिळणाऱ्या अ‍ॅपवर आला. काकूंनी मटार सोलता सोलता सगळा बघितला. मग महिला मंडळानं बघितला. वॉचमननंही बघितला. काकांना हे कळलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बघा. पण मला शेवट सांगायचा नाही. तो कंपनीकडून येणं आहे, शेजाऱ्यांकडून नाही." काकूंच्या फोनवर अकरा मिनिटं बघायलाही ते तयार नाहीत, कारण मग येणं बुडीत खाती जाईल. मधूनमधून ते मला अडवतात आणि खुनी माळीच असणार, स्वयंपाकिणीला तेवढा वेळ मिळत नव्हता, असं माझ्या चेहऱ्याकडे बघत बोलतात. मी चेहरा कोरा ठेवतो. माझ्याकडून एवढं तर झालंच पाहिजे.

खून डॉक्टरनं केलाय. मला काकूंनी जिन्यात सांगितलं. लिफ्ट मी हल्ली वापरत नाही. आमच्याकडे कधी आलात तर काकांसमोर डॉक्टरचा विषय काढू नका.