मिठाची गुळणी

ओठ मिटून घशातून जो हुंकार निघतो तो म्हणजे ‘मम’, आणि इंग्रजीत गप्प बसण्याला हाच शब्द. व्युत्पत्ती एवढीच. आपल्याकडंही हा मक्ता ‘म’कडंच दिसतो: माणूस मौन धरतो, मूग गिळतो, मख्ख बसतो, नाहीतर तोंडात मिठाची गुळणी धरतो. मात्र आपलं बिनदाताचं लेकरू ‘मंमं’ म्हणत तोंड उघडतं, आणि पूजेला बसलेला यजमान भटजींच्या खुणेसरशी ‘मम’ म्हणून मोकळा होतो. कशाला, ते त्यालाही ठाऊक नसतं.

चौदाव्या शतकात विल्यम लँगलंड या इंग्रज कवीनं हा शब्द वकिलांना चिकटवला. पैसा दिसल्याशिवाय त्यांच्या तोंडून ‘मम’ काढण्यापेक्षा मालव्हर्नच्या डोंगरावरचं धुकं मोजणं सोपं, अशी त्याची तक्रार. या गृहस्थानं आमच्या नांदेडकडच्या भोकरचा मतदार पाहिला असता, तर वकिलांना बडबडे म्हटलं असतं.

2024 साली विधानसभेची निवडणूक आणि नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक 20 नोव्हेंबरला एकाच दिवशी आल्या. मतदान संपायच्या आधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद, असा कायदा आहे. तो उमेदवारांसाठी, पण आमच्या लोकांनी अर्ज भरल्या दिवसापासूनच पाळायला घेतला. हॉटेलात कुणी विचारायचं, “काय म्हणूलालेत लोकं?” समोरचा चहा बशीत ओतणार, फुंकर घालणार, फुर्रकन घोट घेणार, मिशी पुसणार. मग म्हणणार, “हमीभाव 4,892, अन् आडतीत सोयाबीनला इचारतंय कोण?” (हे उत्तरच होतं, पण विचारणारा कार्यकर्ता असल्यामुळं त्याला कळायचं नाही.)

23 तारखेला पेट्या उघडल्या. भोकर भाजपच्या श्रीजया चव्हाणांकडं. नांदेड लोकसभेतल्या सहाही विधानसभा महायुतीकडं. आणि लोकसभा? काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, 1,457 मतांनी! एकाच खोलीतली दोन यंत्रं, अन् निकाल दोन तऱ्हेचे. बापाचं लेकाला, नवऱ्याचं बायकोला कळलेलं नाही, तिथं टीव्हीवरच्या पंडितांची काय कथा.

संध्याकाळी हॉटेलात बसायला जागा नव्हती. बशीवाले मामा टेबलावर थाप मारून सगळ्यांना ऐकवत होते, “मी काय म्हणलो होतो?”