चाकांचा कायमचा पत्ता

नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर १०’ म्हणून रिक्षात बसणारा माणूस बाहेरगावचा समजावा. सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळला आहे आणि कोपरखैरण्यातही आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर नोडनोड करत वसवलं आणि प्रत्येक नोडात सेक्टर पुन्हा एकपासून मोजले. पत्त्यांचा आधीच असा घोळ असलेल्या या शहरात, महापेच्या एका आयटी कंपनीतल्या गृहस्थांना शनिवार-रविवार कॉफीची गाडी लावायची लहर आली.

तीन चाकांची गाडी, वर पितळी फिल्टर, मागे सुबक अक्षरांतली पाटी. इथवर चित्र तयार होतं. “अहो, आधी कागद करा, मग कॉफी,” असं घरून बजावण्यात आलं. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद, म्हणून सोमवारची रजा टाकून गृहस्थ हार्बरच्या लोकलने बेलापूरला उतरले. कोकण भवन, सिडको भवन, महापालिकेचं मुख्यालय असं सगळं एकाच नोडात. त्यांना वाटलं, दुपारच्या जेवणाला घरी.

पहिला मुक्काम अर्थातच झेरॉक्सच्या दुकानात पडला. “काका, सगळ्याच्या पाच-पाच काढून ठेवा,” पोऱ्याने अनुभवाचा सल्ला दिला. “आणि फोटो?” “ते आठ घ्या. आठाचीच शीट येते.”

सुरुवात मात्र शुभशकुनी झाली. अन्न सुरक्षेचा कायदा २००६ चा, परवान्यांचे नियम २०११ चे. आणि त्या नियमांत सर्वांत खालच्या पायरीला नुसती ‘नोंदणी’ ठेवलेली, फी वर्षाला १०० रुपये. फॉर्म ऑनलाइन भरायचा, सात दिवसांत होय, नाही किंवा ‘तपासणीला येतो’ असं उत्तर यायला हवं, आणि मग १४ आकडी क्रमांक हाती पडतो. धंद्याच्या यादीत फिरत्या फेरीवाल्याचा स्वतंत्र प्रकारसुद्धा आहे. या पायरीची मर्यादा नियमांनी वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर आखली होती. गृहस्थांनी तिथेच मोबाइलवर हिशेब मांडला. ३० रुपयांचा कप धरला तर रोजचे १०९ कप. सबंध वर्षभर रोज ११०वा कप ओतला की राज्य परवान्याची पायरी! हा ११०वा कप कुणाला पाजायचा, याचा विचार करतच ते पुढच्या रकान्यावर आले.

पुढचा रकाना होता: ‘व्यवसायाच्या जागेचा पत्ता’.

गाडीला पत्ता कसला? पण लाल फुली मारलेला रकाना रिकामा सोडला तर पान पुढे सरकेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या सोसायटीचं पार्किंग लिहिलं. म्हणजे ओघानेच सोसायटीचं ना हरकत पत्र घेणं आलं. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. “पार्किंगचा चार्ज टू व्हीलरचा लावू की फोर व्हीलरचा?” “तीन चाकं आहेत, भाऊ.” तीन चाकांचा दर उपविधींत नव्हता. विषय सर्वसाधारण सभेपुढे गेला.

पुढचा मुक्काम महापालिकेचा. रस्त्यावर विकायचं तर २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्याच प्रतिनिधींना आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांना. दर पाच वर्षांत निदान एकदा सर्वेक्षण व्हायला हवं, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घ्यावं असं कायदा म्हणतो. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ११ लाखांवर होती, म्हणजे सुमारे २८ हजार फेरीवाले. “त्यात एक माझा नंबर,” गृहस्थ म्हणाले.

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “साहेब, तुम्ही कामाला कुठे असता?”

कायद्याचं पाचवं कलम तोवर त्यांनी वाचलं नव्हतं. प्रमाणपत्र हवं तर लिहून द्यावं लागतं, की विक्री मी स्वतः किंवा माझ्या घरचं माणूस करेल, प्रमाणपत्र किंवा जागा कुणाला भाड्याने देणार नाही आणि मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही. गृहस्थांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लोंबत होतं. त्यांनी ते सवयीने शर्टाच्या खिशात सारलं, पण निळी पट्टी बाहेरच राहिली.

“नोकरी सोडून या, मग बघू,” बाई हसून म्हणाल्या. मागच्या रांगेत एक भाजीवाल्या मावशी कापडी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढत होत्या. त्यांच्याकडेही सगळ्याच्या पाच-पाच प्रती होत्या.

तरी हौस मरेना. गृहस्थांनी घरी येऊन मुलाचा कंपास आणि शहराचा नकाशा घेतला. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने २०१७ साली रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, देवस्थान, रुग्णालयापासून १०० मीटर अंतराची रेघ मारली होती. तीच रेघ इथे धरून त्यांनी वर्तुळं काढायला घेतली. सिडकोने आखलेल्या शहरात शाळेला तोटा नाही, आणि लोकांनी देवळांना तोटा ठेवलेला नाही. तासाभराने वर्तुळांबाहेर ठळकपणे दोनच जागा उरल्या: सायन-पनवेल महामार्ग आणि खाडी.

मग गाळा पाहिला. इथे कागद उलट सोपे निघाले. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या दुकानांच्या कायद्याने गुमास्ता नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरते. गॅस मात्र घरचा १४.२ किलोचा चालत नाही, व्यावसायिक १९ किलोचा लागतो. शिवाय पालिकेचा व्यवसाय परवाना. गाळा आठ बाय दहाचा, पण एजंट बाहेरच्या फरशीकडे हात पसरून म्हणाला, “सर, बाहेर चार टेबलं आरामात बसतात.” त्या मोकळ्या पट्ट्याला नवी मुंबईत ‘मार्जिनल स्पेस’ म्हणतात, आणि तिथली टेबलं उचलून नेणारी गाडी पालिकेची असते. डिपॉझिटचा आकडा ऐकल्यावर गृहस्थांनी पाणी मागितलं.

संध्याकाळी ते वाशी स्थानकाबाहेर उभे होते. एक सायकलवाला आला. कॅरिअरला दोन थर्मास, हँडलला पुड्यांची माळ, दांडीला कागदी कपांची नळकांडी. त्याने एका हाताने कप धरला, दाताने पुडी फाडली, गरम दूध उंचावरून सोडलं आणि प्लॅस्टिकच्या काडीने दोनदा ढवळलं. पितळी फिल्टरला लागतो त्या वेळाच्या विसाव्या हिश्शात कॉफी तयार.

“तुझे कागद आहेत का रे सगळे?” गृहस्थांनी विचारलं.

“कसले, साहेब?”

गृहस्थांनी फाइल उघडली. कायद्यात स्थिर आणि फिरता असे विक्रेते असतात, माल जप्त झाला तर मागणी केल्यावर नाशवंत त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यावा लागतो, असं ते सांगू लागले. डिकॉक्शन नाशवंत धरायचं की नाही, या मुद्द्यावर ते येताहेत तोच कुणीतरी लांबून शिट्टी मारली. सायकलवाल्याने स्टँड काढला, पायडल मारलं आणि तो रिक्षांच्या गर्दीत दिसेनासा झाला. अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसत होती. गृहस्थांच्या एका हातात फाइल, दुसऱ्या हातात कप, आणि खिशात द्यायचे राहिलेले दहा रुपये.

दोन दिवसांनी सकाळी सानपाड्याच्या सिग्नलला मागून घंटी वाजली.

“साहेब, परवाचे दहा.”

गृहस्थांनी वीस दिले आणि अजून एक कप मागितला.