गच्चीरक्षक समितीस जाहीर आभारपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि इतिवृत्तात नुसतेच 'उपस्थित' असणारे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहरचना संस्था, पुणे.

विषय : सोलरचा प्रस्ताव यशस्वीपणे लोंबकळत ठेवल्याबद्दल.

स. न. वि. वि.

गच्चीवर सोलर पॅनल बसवण्याचा विषय आपण यंदाच्या वार्षिक सभेतही 'आयत्या वेळच्या विषयां'त ढकललात. तो येण्याआधी बटाटेवडे आले. वड्यांपुढे कोरम कुठला टिकायला? या नियोजनाबद्दल प्रथम अभिनंदन.

'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. सोसायटीची लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी किलोवॉटमागे १८ हजार. म्हणजे १० किलोवॉटला १ लाख ८० हजार. एवढे पैसे नाकारायला छाती लागते. आपण तर नाकारलेही नाहीत, नुसते विचाराधीन ठेवलेत.

१० किलोवॉटला साधारण हजार चौरस फूट जागा लागते. एवढी जागा आहे कुठे? आपल्या गच्चीवर तळ गेलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, जुन्या मखराचा सांगाडा आहे, बंद पडलेल्या डिश अँटेना आहेत आणि कुणाचा ते अद्याप न उलगडलेला पिवळा कमोड आहे. या ठेव्याला धक्का लावून रोज चाळीसेक युनिट वीज मिळवायची, हा करंटेपणाच.

आपले आक्षेपही मोलाचे. 'स्लॅबला भोकं पडून गळती होईल.' सांगाडा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, भोक न पाडताही उभा राहतो. पण गळतीची भीती घालणाऱ्या सदस्यांची स्वतःची डिश त्याच स्लॅबमध्ये चार बोल्ट ठोकून उभी असल्याने त्यांच्या अनुभवाचा मान राखायला हवा. 'कुरडया कुठे वाळवायच्या?' कुरडया आपण सगळेच बचत गटाकडून घेतो, तरी प्रश्न भावनेचा आहे. जास्तीची वीज दिवसा महावितरणला जाते आणि नेट मीटरमुळे बिलातून वजा होते, हे कळल्यावर खजिनदार कडाडले, 'आपली वीज त्यांना का म्हणून द्यायची?' स्वाभिमान असावा तर असा.

आणि हुकमाचं पान : 'रिडेव्हलपमेंट होणारच आहे.' याच वाक्यावर रंगकाम थांबलं, ड्रेनेज थांबलं. मेंटेनन्स वाढवताना तेवढं ते कुणाला आठवलं नाही.

मात्र एक उणीव दाखवणं सभासद म्हणून माझं कर्तव्य आहे. सोलरवरचा सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याकडून राहूनच गेला. बॅटरी नसलेली ही यंत्रणा लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते. पडायलाच हवी, नाहीतर गच्चीवरची वीज उलटी तारांमध्ये जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे ज्या दुपारी लाइट नसेल, त्या दुपारी डोक्यावर पॅनल असूनही लिफ्ट जागची हलणार नाही.

हा आक्षेप मी समितीला विनामूल्य देत आहे. तो पुढच्या सभेत जरूर मांडावा. त्यासाठी विषय पत्रिकेवर घ्यावा लागेल, तोही वड्यांच्या आधी.

आपला नम्र,
वरच्या मजल्यावरचा, तापलेल्या स्लॅबखालचा एक सभासद