संमती देणारे काका

लंडनच्या उपनगरांत, हॅरो-वेम्बलीकडे, हे काका हमखास भेटतात. गाडी त्यांनी केव्हाच विकलेली असते. ड्राइव्हवेवर आता मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्या नांदतात. पण तिथे गाडी चढावी म्हणून फुटपाथची कड उतरती करून घ्यायला त्यांनी एके काळी कौन्सिलकडे पैसे भरलेले असतात. त्यामुळे गाडी गेली तरी त्या उतारावरचा जीव काही उतरत नाही.

काकांची खुर्ची खिडकीशी. कुणाचं चाक उतारासमोर टेकलं, की चहा निवतो आणि काका बाहेर येतात. २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टचं ८६ वं कलम त्यांना अथर्वशीर्षासारखं पाठ. समोरचा बिचारा म्हणतो, "पण इथे पाटी नाही, पिवळी रेघ नाही..."

"लागतच नाही! कड उतरती दिसली ना? झालं तर मग."

मग कौन्सिलला फोन. उभी असलेली गाडी घरच्याच पाहुण्याची आहे की परक्याची, हे वॉर्डनला कसं कळणार? म्हणून घरासमोरच्या उतारासाठी तो सहसा घरमालकाची तक्रार आल्यावरच येतो. ती उणीव काका भासू देत नाहीत. लंडनमध्ये दंड १६० पौंडांपर्यंत जातो. १४ दिवसांत भरला तर निम्मा. ही सवलत काकांना साफ नामंजूर. "दंडाचा कसला सेल लावता?"

कलमातली खरी गोडी मात्र अपवादात आहे. घरात राहणाऱ्याची संमती असेल, तर त्याच्या उतारासमोर गाडी लावता येते. आयुष्यभर इतरांकडून मंजुऱ्या घेतलेल्या माणसाच्या हाती असा अधिकार आल्यावर काय होणार? सत्यनारायणाला येणाऱ्याने आधी विचारायचं, "काका, गाडी लावू का?" काका रस्त्याकडे बघतात, थोडा वेळ घेतात, मग म्हणतात, "लाव." न विचारता लावणाऱ्यालाही प्रसाद मिळतो, पण त्याआधी कलम मिळतं.

मोबदला घेऊन दिलेली संमती चालत नाही, हेही कायद्यातच आहे. म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन आलेल्या भाच्याला त्यांनी उंबऱ्याबाहेरच थोपवलं. "आधी गाडीचं विचार. हं, दिली संमती. आता आण पेढे आत."

चार घरं सोडून, कोपऱ्यावर आणखी एक उतार आहे. व्हीलचेअर आणि बाबागाड्या रस्त्यावर उतरतात तो. अंधांच्या पायाला कळावं म्हणून तिथे उंचवट्यांच्या फरश्याही बसवल्यात. त्याच्यासमोर रोज कुणीतरी 'दोनच मिनिटं' म्हणत गाडी लावून जातो. काकांना ती खिडकीतून स्पष्ट दिसते. फोन मात्र जागेवरच राहतो. तिथे दंड करायला वॉर्डनला कुणाच्या तक्रारीची वाट बघावी लागत नाही, आणि तिथे गाडी लावायला संमती देण्याचा अधिकार कायद्याने कुठल्याच घरमालकाला दिलेला नाही.

काकांना त्या उतारात रस नाही, तो एवढ्याचसाठी.