तांबरम मुक्कामी मराठी भयकथालेखनाचा विधी

भयकथालेखक म्हणजे दाढी वाढवून मध्यरात्री स्मशानाच्या वाटेवर घुटमळणारा इसम, ही वाचकवर्गातील रूढ समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते; कारण मराठी गूढकथेचे एक प्रमुख शिल्पकार रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी १९५८ ते १९७८ अशी वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली, आणि ज्या लेखणीतून ‘खेकडा’ ही गूढकथा उतरली त्याच लेखणीतून ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चिंची चेटकीणही उतरली, जिला पाहून मुले टाळ्या वाजवतात. सबब चेन्नईच्या दक्षिण अंगाला असलेल्या तांबरममध्ये राहून भयकथा लिहू इच्छिणाऱ्या मराठी माणसाने आधी नोकरी धरावी. हवाई दलाचा तळ, रेल्वे, आणि ‘मेप्झ’ या लघुनामाने ओळखले जाणारे निर्यात प्रक्रिया क्षेत्र हे तिन्ही पर्याय हाकेच्या अंतरावर आहेत. महिनाअखेरचा ताळेबंद ज्याला जुळवता येतो, त्यालाच शेवटच्या पानावर प्रेतांचा हिशेब जुळवता येतो.

लेखनाचा हंगाम दिवाळी अंक ठरवतात. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या ‘नवल’सारख्या अंकाने गूढ आणि अद्भुत कथांना हक्काचे घर दिल्यापासून मराठी भुते प्रामुख्याने आश्विन-कार्तिकात प्रकट होतात, आणि त्यासाठी मजकूर गणपतीच्या आगेमागे संपादकांच्या हाती पडावा लागतो. येथे तांबरमच्या लेखकापुढे हवामानाची अडचण उभी राहते. मराठी भयकथेचा पाऊस आषाढाचा असतो, तो कौलांवर कोसळतो आणि कंदील विझवतो. चेन्नईचा मोठा पाऊस मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा असल्याने तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. परिणामी वादळी रात्रीचे वर्णन जूनच्या काहिलीत, पाठीला चिकटलेल्या बनियनवर, पंखा पाचवर ठेवून करावे लागते. आणि प्रत्यक्ष वादळ येते तेव्हा अंक छापून झालेला असतो. डिसेंबर २०१५ मध्ये पश्चिम तांबरमलगतच्या मुडिचूरमध्ये अड्यार नदीचे पाणी घरांत शिरले, तेव्हा लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले होते. असा पाऊस कथेत घातला तर संपादक तो अतिशयोक्ती म्हणून कापतात.

यापुढील अडचण भुतांच्या वसाहतीची आहे. मुंजा, म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजीपूर्वीच मरण पावलेल्या मुलाचे भूत, हा परंपरेने पिंपळावर राहतो. परंतु तमिळ मुलुखात पिंपळाखाली बहुधा पिळ्ळैयार, म्हणजे आपला गणपती, बसवलेला असतो, शेजारी नागशिळा असतात, आणि पहाटेपासून प्रदक्षिणा घालणाऱ्यांची रीघ लागते, त्यामुळे मुंजाला तेथे जागा मिळण्याची आशा नसते. चिंचेच्या झाडाबाबत मात्र दोन्ही भाषांत एकमत असून तेथे तमिळ ‘पेय’, म्हणजे भूत, आणि मराठी हडळ यांनी सलोख्याने राहावे, असा तोडगा येथे सुचवण्यात येत आहे. चकव्याचा, म्हणजे वाटसरूला रात्रभर एकाच जागी फिरवत ठेवणाऱ्या भुताचा, वापर टाळावा, कारण तांबरममधून जाणाऱ्या जीएसटी महामार्गावर उजवीकडे वळू पाहणाऱ्याला हे काम यू-टर्नच करून दाखवतात. भेसूर चेहऱ्याबाबतही सावध असावे. तांबरमच्या प्रत्येक नव्या बांधकामावर दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचा मुखवटा किंवा डोळे वटारलेला, मिशा रंगवलेला कोहळा टांगलेला असतो आणि त्याच्याखाली गवंडी निवांत डबा खात बसलेले असतात. ज्या गावात सुळे दाखवणारा चेहरा सिमेंटच्या गोणीइतका नित्याचा झाला आहे, तेथे सुळ्यांवर कथा उभी राहत नाही.

प्रभावांची कबुली कशी द्यावी, याचे आदर्श उदाहरण नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या ग्रंथसंभारात मिळते. स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’चे बीज त्यांच्या ‘लुचाई’त रुजले, ‘ग्रॅमा’ या कथेचे ‘आजी’त, आणि त्या आजीची छाया पुढे २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटावर पडली, ज्याचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून आलेले आहे. अमेरिकेतील मेन प्रांताची म्हातारी कोकणच्या मुसळधार पावसात पोहोचू शकते, तर तिला तांबरमला उतरवण्यास कोणाची हरकत असू नये. अट एवढीच, की तिने येथे आल्यावर दारात तांदळाच्या पिठाचा कोलम काढावा आणि भाजीवाल्याशी घासाघीस करावी. स्थानिक गुरू हवा असल्यास तमिळ कथाकार पुदुमैपित्तन (१९०६–१९४८) यांची ‘कांचनै’ ही कथा वाचावी. तिचा निवेदक स्वतःच कथालेखक आहे आणि भीती त्याच्या घरात येते ती मोलकरणीच्या रूपाने, ही क्लृप्ती कोणत्याही किंचाळीपेक्षा अधिक टिकाऊ ठरली आहे.

काही गोष्टींना हात लावू नये. १९२८ साली डॉ. चौरी मुत्तू यांनी स्थापन केलेले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम, ज्यावरून लगतच्या रेल्वे स्थानकाला ‘तांबरम सॅनटोरियम’ हे नाव मिळाले, नवशिक्या लेखकाला फार खुणावते. परंतु तेथे आजही सरकारी रुग्णालय चालते, आणि पुदुमैपित्तनही क्षयानेच गेले, हे आठवले तरी लेखणी आवरावी. २२ जुलै २०१६ रोजी येथील तळावरून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले आणि २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालेले एएन-३२ विमान हाही कथाविषय नव्हे. ज्यांची माणसे परतली नाहीत त्यांच्या दुःखावर दिवाळी अंकाची पाने भरू नयेत. या कलमाला अपवाद नाही.

उरतो तो पुढील वर्षाच्या सामग्रीचा प्रश्न. लेखकाची भेटप्रत टपालाने तांबरमला पोहोचते तेव्हा दिवाळी उलटून गेलेली असते, आणि शेजारच्या मामी मुखपृष्ठ न्याहाळून आत काय आहे, असे विचारतात. ‘पेय कदै’, म्हणजे भुताची गोष्ट, एवढे उत्तर पुरेसे असते. ‘हे काय, आमच्या आत्याच्या गावी तर...’ अशी सुरुवात करून मामी लागोपाठ तीन घटना सांगतात, ज्यांतील किमान एक छापण्याजोगी असते. अशा वेळी फिल्टर कॉफी पुढे करून लेखकाने बसून ऐकावे आणि टिपण मात्र साखर आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन घ्यावे. समोर वही उघडली, की मामी लगेच आत्याचे गाव बदलतात, भुताला सुशील करतात आणि आपले नाव छापून येणार का, याची चौकशी सुरू करतात.