तेवढं परिशिष्ट राहिलं

एप्रिल लागून पारा चाळिशीच्या पुढं सरकला की वर्ध्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरापोरींचे घोळके दिसू लागतात. चौघांत एक लॅपटॉप, एक पेन ड्राइव्ह, आणि पाचव्याचा फोन लागत नसतो. गट-प्रकल्पाचा हा शेवटचा टप्पा. संशोधन केव्हाच आटोपलेलं असतं. निस्तरायची उरतात ती माणसं.

यंदा माझ्याकडं आलेल्या गटाचा विषय आहे सेलू तालुक्यातल्या विहिरी. दोरीला दगड बांधून पाणी किती खाली गेलं ते मोजणं, शेतकऱ्याला प्रश्न विचारणं, त्याच्याच घरचा चहा पिणं, हे सगळं पोरांनी हौसेनं केलं. लिहायची वेळ आली आणि हौस आटली. "कुठवर आलं?" म्हटलं की एकमुखी उत्तर, "करून राहिलो न सर." नेमकं कोण करून राहिलं, ते कुणी सांगत नाही. एकानं आपलं प्रकरण मोबाइलला बोलून टाइप करवलं, त्यामुळं विहिरीच्या काठाचा सगळीकडं 'कट' झालाय. दुसऱ्यानं काकाच्या डीटीपीच्या दुकानातून कृतिदेवमध्ये करून आणलं. परवा दोन्ही एकत्र जोडून छापायला दिलं, तर दुसरं प्रकरण उघडलं ते इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविरामांची नुसती रास होऊन. दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला, पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "फॉन्टच नाही न दादा. पीडीएफ आणा." मग कृतिदेव कुणी आणलं, यावर फुटपाथवर सुनावणी सुरू झाली.

मी फारसा चिडत नाही. वर्ध्यात राहून चिडायची सोयही नाही, कारण गटानं मिळून करायच्या कामाचा मोठा दाखला याच गावचा आहे.

१९३७ साली २२ आणि २३ ऑक्टोबरला इथं गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांना हस्तोद्योगातून शिकवायचं आणि त्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी कल्पना होती. जामियाहून आलेल्या डॉ. झाकीर हुसेन यांनी स्पष्टच शंका काढली: कमाईवर फार भर दिला तर शिक्षक पोरांना राबवून घेतील. गांधीजींनी काय करावं? योजना तयार करायच्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याच गळ्यात घातलं. जो शंका काढील त्यालाच कामाला लावायचं, ही युक्ती मी वर्गात वापरून पाहतो. परिणाम एवढाच, की माझ्या वर्गात आता कुणाला शंका येत नाहीत.

समितीत विनोबा, काकासाहेब कालेलकर, कुमारप्पा, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू, सैयिदैन, आशादेवी, आणि परिषदेत या कमाईवरच टीका करणारे प्रा. के. टी. शहा. विनोबा आणि शहा यांची एकाच मसुद्यावर सही घ्यायची म्हणजे काय, ते निमंत्रक आर्यनायकमच जाणोत. इतिहासात 'झाकीर हुसेन समिती' हे नाव राहिलं. बैठकीची पत्रं धाडणाऱ्या निमंत्रकाचं नाव लावायची पद्धत नाही. माझ्या गटातही एक मुलगी आहे, रात्री अकराला ग्रुपवर 'उद्या शेवटचा दिवस' असं टाकणारी. मुखपृष्ठावर नावं अकारविल्हे लागली, आणि ज्याचा फोन लागत नव्हता त्याचं आडनाव नेमकं 'अ'वरून निघालं. तिचं शेवटी आहे.

तर त्या समितीला मुदत होती एक महिन्याची. अहवालावर तारीख आहे २ डिसेंबर. रोजच्या वेळापत्रकात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटं अशी मिनिटांची वाटणी करणाऱ्या मंडळींनाही स्वतःचे आठ-दहा दिवस जास्तीचे लागलेच. एवढी मोठमोठी डोकी एका टेबलाभोवती बसवल्यावर तेवढ्यात भागलं हेच मला विशेष वाटतं. शिवाय त्या अहवालात कताई-विणकामाचं झालं, पण शेती, सुतारकाम वगैरेंचा तपशील बाकी राहिला. तो दुसऱ्या अहवालात आला, एप्रिल १९३८ मध्ये. मधल्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसनं योजना मंजूरही करून टाकली होती.

काल ती ग्रुपवाली मुलगी बाइंडिंगचा नमुना घेऊन घरी आली. विहिरींचे तक्ते अजून आलेले नाहीत, कारण ते फोनवाल्याकडं आहेत. म्हणाली, "सर, परिशिष्ट मागून दिलं तर चालते का?" मी तिला धीर म्हणून ही सगळी हकिगत सांगितली. तिनं मन लावून ऐकलं, बोटांवर डिसेंबर ते एप्रिल मोजले आणि म्हणाली, "म्हणजे आपल्याला ऑगस्टपर्यंत चालते सर."